बापूंच्या अंगठ्याचा कोपरा

औरंगाबाद,
ता. १२ जानेवारी १९६१

तीर्थरूप बापू आणि माय,

तुमच्या पाया पडून मनकर्णा लिहिते. मी बरी आहे. नर्सच्या शाळेत जेवण पोटभर मिळतं.

बापू, आज वॉर्डात फुलंब्रीकडचे एक शेतकरी आले. पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं, दुखणं दोन महिने अंगावर काढलेलं, बोट काळं पडलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कोपरा कुणी कोरला?" ते हसून म्हणाले, "पोरीनं. लई मायेनं काढला, साहेब." दुपारी बोट कापावं लागलं. तबक माझ्याच हातात होतं.

दिवाळीत तुमचं नख ठणकत होतं, तेव्हा मीही न्हाव्याची नखं काढायची नराणी मागून आणली आणि कोपरा असाच खोल कोरला. पोरगी शिकली, असं तुम्ही गावभर सांगितलंत. मला काहीच येत नव्हतं, बापू.

आता कुणाला कोरू देऊ नका. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवा आणि कोरडा पुसा. नख वाढलं की सरळ कापा, कोपरे राहू द्या. घट्ट जोडा घालू नका. पू दिसला तर लगेच इथं निघून या.

माय, तुझ्या टाचेच्या भेगा कशा आहेत?

गुरुजी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल. बापू "काय नाय झालं" म्हणतील. त्यांना आत्ताच जोडा काढायला लावा, आणि ते सांगतील ते नको, तुम्हाला दिसेल ते मला लिहा.

तुमची लेक,
मनकर्णा