आईचा बुधवार

आलमबाग, लखनऊ
८ डिसेंबर २०२४, रविवार

ती. दादा,

विनूचा नमस्कार. वहिनींना आणि पूर्वालाही सांग. गिरणी नीट चालली असेल, गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून तुझ्या मनात भलतंच येईल, म्हणून आधीच सांगते, आई आहे. आत मटार सोलत बसली आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भांडायला लागते, म्हणून लिहितेय.

इथे थंडी पडलीय. सकाळी धुक्यात समोरचा मेट्रोचा पूलसुद्धा दिसत नाही. आई आता सब्जीवाल्याला 'भैया, कल का माल हमको मत चिपकाओ' असं ठणकावून सांगते. हे तिने कुठून उचललं देव जाणे. शेजारची अनन्या तिला अम्मा म्हणते. एकूण तिचं इथे माझ्यापेक्षा बरं जमलंय.

माझी नोकरी गेली, दादा. म्हणजे रोज जाते, त्याच टेबलाशी बसते, तेच विजेचे मीटर तपासते. पण मार्चमध्ये नव्या मालकांनी आमच्या सगळ्या विभागाचे एका शुक्रवारी राजीनामे घेतले आणि लगेच सोमवारी एका ठेकेदारातर्फे आम्हालाच परत कामावर घेतलं, अकरा महिन्यांच्या करारावर. ओळखपत्राची गळ्यातली पट्टी निळी होती, ती पिवळी झाली. ज्या ऋषभला मी काम शिकवलं तो आता माझा साहेब आहे, आणि बिचारा माझ्या नजरेला नजर देत नाही. मला त्याचाही राग येतो.

पगार कमी झाला तो मी सोसला असता. पण दवाखान्याचं कार्डही गेलं, ज्यावर आईचं डायलिसिस व्हायचं. तेच कार्ड नाचवून मी आईला तुझ्या घरातून घेऊन आले होते. वहिनींसमोर तुला काय काय बोलले, ते तुला आठवत असेलच.

आईला यातलं काही सांगितलं नाही. साठवलेलं मोडून सोमवार, बुधवार, शनिवार चालू ठेवले. अडचण फक्त जेवणाची होती. पिवळ्या पट्टीवाल्यांना कँटीनमध्ये बसू देत नाहीत. मी आईला म्हटलं, तिथल्या मसाल्याने पोट बिघडतं, मला डबा दे. ती इतकी खूश झाली! रोज पोळी-भाजी, कधी मेतकूट-भात. मी तो मीटरच्या खोक्यांमागे उभ्याने खाते.

दिवाळीनंतर तिचे पाय सुजायला लागले. चपला चढेनात. सोमवारी आणि शनिवारी मी तिला सेंटरवर सोडते, बुधवारी ती एकटी ई-रिक्शाने जाते. मी तिथे चौकशी केली, तर टेक्निशियन म्हणाला, "दीदी, बुधवार का तो अम्मा ने खुद मना कर दिया. बोलीं, डॉक्टर ने कम किया है."

आई बुधवारी घरातून निघायची, सेंटरच्या अलीकडच्या हनुमान मंदिरात दुपारपर्यंत बसायची आणि परत यायची. दंडावर कापसाचा बोळा चिकटवून यायची, मला दिसावा म्हणून.

घरी येऊन मी जाब विचारला. ती पोळ्या करत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "वरच्या मजल्यावरचे, तुझ्या ऑफिसातले चतुर्वेदी जिन्यात भेटले होते. तुमच्या कँटीनच्या कढीचं कौतुक करत होते. म्हणाले, पिवळ्या पट्टीवाल्यांना तिथे बसू देत नाहीत. तुझं कँटीन सुरू झालं, की माझा बुधवारही सुरू करू."

मी तिला दुसऱ्याच दिवशी ओढत न्यायला हवं होतं. नेलं नाही. नंतरचे दोन बुधवार मी काही बोलले नाही आणि ती गेली नाही. खर्च वाचला म्हणून मला हायसं वाटलं. स्वतःच्या आईच्या बाबतीत हायसं वाटलं, दादा. गेल्या बुधवारी तिला धाप लागली, तेव्हा अनन्याच्या वडिलांनी गाडी काढली. आता तिन्ही दिवस पुन्हा चालू केलेत, पण संक्रांतीच्या पुढे माझ्याच्याने होणार नाही.

तुझ्याकडे साताऱ्याला सरकारी योजनेतून डायलिसिस होतं असं ऐकते. रेशनकार्डावर नाव लागतं म्हणे. तुझ्या कार्डावरून आईचं नाव काढून टाक, असं मीच तुझ्या अंगणात ओरडून सांगितलं होतं. तू ते काढलंस का?

मला सुट्टी नाही. तिला सोडायला आले, तर माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल. म्हणून तुलाच यावं लागेल. शनिवारचं डायलिसिस आटोपून त्याच संध्याकाळी गाडीत बसलात, तर तिला फार त्रास होणार नाही.

आईला या पत्रातलं काही माहीत नाही, असं लिहिणार होते. पण ती आत्ताच मटारचं ताट घेऊन बाहेर आली. कुणाला लिहितेस, हे विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "त्याला लिही, भांडण तुझं होतं. मी नुसती सोबत आले होते."

म्हणून तेही लिहिलं.

नाव काढलं असलंस, तरी ये.

तुझी,
विनू