समोरच्या दोन घागरी

आत्या,

तुम्ही मोडनिंबहून याल तेव्हा मी ऑफिसात असेन.

परवा पाण्याचा वार होता, म्हणून शिळं पाणी नको म्हणत मीच सगळा ड्रम मोरीत ओतला. नंतर नळाला पाणी आलंच नाही. समोरच्या बजामावशींनी न मागता दोन घागरी आणून दिल्या. त्यांच्याच अंगणातल्या सड्याचा फोटो मी गेल्या आठवड्यात गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता, 'पाण्याची नासाडी थांबवा' असं लिहून. आता डिलीट केलाय.

आज दुपारी पाणी येईल म्हणतात. आधी त्यांच्या घागरी घासून, भरून पोचत्या करा. मला त्यांच्या दारात जायला तोंड नाही. घागरी ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "दोन दिस सडा टाकला न्हाय की. त्येच पाणी हाय."

उत्कर्षा