नदीच्या ह्या काठाला पिस्तूल, त्या काठाला मॅगझिन

क्लार्कस्टन,
१२ ऑक्टोबर

प्रिय डेल्मर दाजींना ऑरिनचा नमस्कार.

ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते मी केलेलं आहे, अक्रोडाचं, एकही खिळा न वापरता. ज्या खुर्चीवर बसलो आहे तीही माझीच (ती किंचित डुलते, पण तो दोष जमिनीचा आहे आणि जमीन मी केलेली नाही). तुमच्या मागच्या दाराचा जिना आणि त्याचा कठडा, माझ्या बहिणीच्या, लोर्नाच्या, स्वयंपाकघरातली सगळी कपाटं, तुमची बोट, आणि गेल्या हिवाळ्यात तिचीच शवपेटी, हे सगळं ह्या दोन हातांनी केलेलं आहे. पेटीच्या डाव्या कोपऱ्यातला सांधा मला हवा तसा बसला नाही. मेबेथ म्हणते कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. ह्यातलं काहीही मी शाळेत शिकलो नाही, शाळा मी सोळाव्या वर्षीच सोडली हे तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तक उघडायचं, चुकायचं, लाकूड वाया घालवायचं, पुन्हा करायचं, अशी माझी पद्धत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही (थोडं बढाई म्हणूनही सांगतो), तर पुढे मी कायद्याबद्दल जे लिहिणार आहे तेही ह्याच पद्धतीनं शिकलेलं आहे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, एवढ्यासाठी.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला जिना चढताना तुम्ही कठड्यावर भार टाकत होतात. कठडा भक्कम आहे, त्याची चिंता नको. झोप लागते का? जेवण होतं का? रीत म्हणून विचारत नाही. मेबेथनं जूनमध्ये दिलेला एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा ऑगस्टात तुमच्या फ्रीजरमध्ये तसाच होता. झाकण उचलून पाहिलं त्याबद्दल क्षमा करा, पण त्यावर साचलेला बर्फ मला वाचता येतो. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको ठीक. मेबेथची खांदेदुखी आहे, माझी कानातली शिट्टी आहे, आणि वारा तुमच्या बाजूनं असला की कागद गिरणीचा वास आमच्याकडे येतो, म्हणजे तुमचा निरोप आल्यासारखं वाटतं.

तुमचं कार्ड मिळालं. त्यात दोन गोष्टी आहेत. दुसरीचं उत्तर शेवटी देतो, कारण मी कामं क्रमानं करतो. पहिली अशी की तुमच्या वडिलांचं बेल्जियमचं पिस्तूल मी परत द्यावं, कारण कोंबड्यांच्या खुराड्यात रॅकून यायला लागला आहे. दाजी, पिस्तूल परत करणं म्हणजे करवत परत करणं नव्हे. त्यात किती भानगडी आहेत हे समजायला ते माझ्याकडे कसं आलं ते सविस्तर सांगावं लागेल. तुम्हाला पहिला अर्धा भाग माहीत आहे, तरी मी तो गाळणार नाही. अर्धा सांगितलेला हिशेब मला बघवत नाही.

मार्चमध्ये तुम्ही मला फाटकापाशी थांबवलंत. हातात लोर्नाचा भांडी पुसायचा टॉवेल होता, निळ्या चौकड्यांचा, आणि त्यात पिस्तूल आणि त्याचं मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची ती गोळ्यांची पेटी, वेगवेगळं गुंडाळलेलं. तुम्ही म्हणालात, “ऑरिन, हे थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे.” तेवढंच. मी का ते विचारलं नाही. दोन्ही रिकामी आहेत हे मी तिथेच तपासलं. मी तपासत असताना तुम्ही नदीकडे बघत होतात.

मी निघालो. आपल्या दोन राज्यांना जोडणाऱ्या निळ्या पुलाच्या मध्यावर मला आठवलं. तुमच्या आयडाहोत मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावाव्यात ह्याची कुणाला पडलेली नाही. आमच्या वॉशिंग्टन राज्यात दहाच्या वर गोळ्या मावणारं मॅगझिन कायदा होण्याआधीपासून घरात असेल तर राहू दे म्हणतात, पण ते विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही आणि राज्याबाहेरून आणायचं तर मुळीच नाही. तुमच्या वडिलांच्या मॅगझिनमध्ये तेरा मावतात. म्हणजे आणखी थोडा पुढे गेलो असतो तर मी, ज्यानं आयुष्यात कधी लाल दिवा तोडला नाही, आयातदार झालो असतो. मी गाडी उभी केली. माझ्या अंदाजानं पुढची चाकं वॉशिंग्टनात होती, मागची आयडाहोत, आणि मॅगझिन माझ्या सीटखाली, म्हणजे वादग्रस्त प्रदेशात. मागे भोंगे सुरू झाले. एक पोलीसबाई चालत आल्या आणि म्हणाल्या, “काका, गाडी बंद पडली का?” मी म्हटलं, नाही, राज्याची हद्द नेमकी कुठे आहे ते बघतोय. त्या म्हणाल्या, “हद्द आहे तिथेच राहणार आहे. तुम्ही हला.” मी त्यांना कायद्याचं कलम समजावून सांगायला लागलो तेव्हा त्यांनी मागची वाहतूक थांबवली आणि मला उलटं जायला सांगितलं. मी पूल संपेपर्यंत गाडी उलटी नेली, एका रेषेत, कठड्याला न घासता. हे कुणीतरी बघायला हवं होतं (पुष्कळांनी बघितलं, पण त्यांचं लक्ष गुणवत्तेकडे नव्हतं).

मग मी तुमच्या बाजूच्या व्हर्नच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. व्हर्न म्हणाला, मॅगझिनचं सोड, ऑरिन, पिस्तूलसुद्धा तुला असं नेता येत नाही. एका राज्यातल्या माणसाचं पिस्तूल दुसऱ्या राज्यातल्या माणसाला कायमचं द्यायचं तर ते घेणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदारामार्फतच. मी म्हटलं, अरे, हे पिस्तूल माझ्याहून वयानं मोठं आहे, जुन्याला काही सवलत? तर सवलत आहे, पण ती अशी: पन्नास वर्षांवरचं पिस्तूल संग्राहकाची वस्तू धरतात, आणि ज्याच्याकडे संग्राहकाचा परवाना असेल त्यालाच त्याचा फायदा. माझ्याकडे तो नाही. आणि अगदी कशाचीच अट नको असेल तर हत्यार अठराशे अठ्ठ्याण्णव सालचं किंवा त्याआधीचं हवं. म्हणजे पिस्तूल म्हातारं आहे, पण उपयोगी पडेल इतकं म्हातारं नाही. दाजी, मला तेव्हा आपल्या दोघांची आठवण झाली.

तर व्हर्ननं ते पार्सल केलं. आमच्या काठावरचा दुकानदार व्हर्नच्या दुकानातून दिसतो, मधे फक्त नदी आहे. पार्सल पोर्टलंडमार्गे गेलं. आठवड्यानं ते आमच्याकडे पोचलं तेव्हा त्यानं माझ्यापेक्षा जास्त जग पाहिलं होतं. पुढे मला सुरक्षेच्या वर्गाचा दाखला लागला. अकराव्या वर्षापासून बंदूक हाताळणाऱ्या माणसाला बाकावर बसवून बंदुकीचं तोंड कुणाकडे धरू नये असं शिकवण्यात आलं. शिकवणाऱ्या गृहस्थांच्या मी काही चुका दुरुस्त केल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला दाखला आधीच देऊन घरी जायची मुभा दिली. ती मी घेतली नाही, पूर्ण बसलो. मग चौकशी, मग थांबण्याचे दहा कामकाजी दिवस, आणि मग ते पिस्तूल माझ्या नावावर माझ्या घरात आलं. त्याच्यासाठी मी चेरीच्या लाकडाची पेटी केली आहे. कुलूप तेवढं विकतचं. किल्ली मेबेथकडे असते आणि ती कुठे ठेवते ते मला सांगत नाही.

राहिलं मॅगझिन. ते त्याच दिवशी मला तुमच्या काठावर ठेवणं भाग होतं. तुमच्या फाटकाशी परत येऊन “दाजी, हे तेवढं तुम्हीच ठेवा” म्हणणं मला जमलं नसतं. म्हणून मी तुमच्या चर्चमध्ये गेलो, लोर्नाच्या मैत्रिणीकडे, आर्डिथबाईंकडे, ज्या रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी ओततात. त्यांनी काही न विचारता ते कॉफीच्या गाळण्यांच्या खणात ठेवलं. जूनमध्ये चर्चनं जुन्या वस्तूंची विक्री केली तेव्हा कुणीतरी खण आवरला आणि तुमच्या वडिलांचं मॅगझिन पन्नास सेंटची चिठ्ठी लावून टेबलावर गेलं. एक बाई ते स्टेपलर समजून कागदांवर दाबून बघत होत्या. त्यांचा तक्रारीचा सूर होता की हे चालत नाही. आर्डिथबाईंनी नंतर मला फोनवर सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो: “मी त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, ह्याचा मालक जिवंत आहे. तो स्वतः येऊन घेईल.”

तेव्हा परिस्थिती अशी. पिस्तूल वॉशिंग्टनात, मॅगझिन आयडाहोत, मधे स्नेक नदी. आणि तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो (तुम्हाला माहीत आहे, तुमच्या वडिलांनीच मला ते दाखवलं होतं), ह्या जातीच्या पिस्तुलाचं मॅगझिन आत नसेल तर चाप ओढला तरी घोडा पडत नाही, म्हणजे गोळी सुटत नाही. ज्यांनी हे कायदे केले त्यांच्या मनात असं काही नसेल. त्यांच्यातल्या निम्म्यांशी माझं पटत नाही आणि उरलेल्यांशी तुमचं पटत नाही. पण एखाद्या चुकीच्या मापाच्या फळीनं दार नेमकं बंद राहावं तसं हे झालं आहे, आणि अशी फळी मी घाईनं काढत नाही.

आता परत करायचं तर हे सगळं उलट्या क्रमानं: पार्सल, पोर्टलंड, चौकशी, वाट बघणं. हिवाळा लागेल. तोपर्यंत रॅकूनचं काय? रॅकूनला पिस्तूल लागत नाही, कडी लागते. दुहेरी खटक्याची एक कडी मी कालच केली आहे. रॅकूनचे हात हुशार असतात, पण त्याला एका वेळी दोन दिशांना विचार करता येत नाही.

इथवर लिहून मी पत्र मेबेथला वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “तू त्या माणसाला कायदा लिहून पाठवतोयस, ऑरिन. त्याला जेवायला बोलव.” मी म्हटलं, त्यानं पिस्तूल मागितलंय, जेवण नाही. ती म्हणाली, “त्यानं ते दिलं तेव्हा तरी काय मागितलं होतं?” आणि परत बटाट्यांकडे वळली. ह्यावर मी एक बटाटा उचलून सोलायला लागलो. ह्या घरात ते क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

लोभ आहेच. तो वाढवण्यापेक्षा वापरात ठेवावा ही विनंती.

तुमचा मेहुणा,
ऑरिन टॅकेट

ता. क. पत्र पाकिटात घातल्यावर चैन पडेना, म्हणून उघडलं. परत करण्याबद्दल मी वर जे लिहिलं ते खरं नाही. गेल्या मंगळवारी मी व्हर्नला विचारलं. पिस्तूल मी स्वतः पुलावरून त्याच्या दुकानात आणून देऊ शकतो, आणि तुमच्या आयडाहोत ते तुमच्या नावावर चढवायला एक अर्ज आणि एक फोन लागतो. कॉफी गार व्हायच्या आत होतं म्हणाला. आणलेल्या आणि न आणलेल्या प्रत्येक गोष्टीचे कायदे मी अचूक लिहिले आहेत, चूक फक्त ह्या एका जागी, आणि ती मी जाणूनबुजून केली.

ता. क. २. तेव्हा कायद्याची अडचण नाही. अडचण माझी आहे. मी ते देणार नाही, दाजी. निदान आत्ता नाही, आणि कार्डावर तर नाहीच. रविवारी या, मेबेथ मांसाचा मोठा तुकडा भाजणार आहे आणि हकलबेरीची गोड पाई आहे. माझ्यासमोर बसून मागा. मी नाही म्हणेन. मग पुढच्या रविवारी या आणि पुन्हा मागा. कडी सोबत पाठवत नाही, ती बसवायला मी शनिवारी सकाळी येतो आहे. त्या पिस्तुलाबद्दल मार्चमध्ये मी तुम्हाला जे विचारलं नाही ते खुराड्यापाशी विचारीन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, पण मी विचारीन.

ता. क. ३. आता कार्डातली दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलं आहे की बोट मी घेऊन जावी, आणि कागदावर काहीतरी दिसायला हवं म्हणून नावापुरती किंमत द्यावी. गळाच्या काठ्या तुम्ही आधीच शेजाऱ्याला देऊन टाकल्यात हेही मला कळलं आहे. ती बोट करताना पुढची बैठक मी लोर्नाच्या मापाची केली आणि मागची तुमच्या. माझ्या मापाची जागा तिच्यात नाही. माझे गुडघे कुठेच मावत नाहीत. पुढच्या बैठकीत मी अवघडून बसेन, पण वल्ही तुम्हालाच मारावी लागतील. स्टीलहेड मासे नदीतून वर यायला लागले आहेत. व्यवहाराचं उत्तर व्यवहारानंच द्यावं म्हणून लेखी देतो: बोटीबद्दलचा तुमचा प्रस्ताव मी नाकारला आहे. नाकारलेली रक्कम: तुम्ही सांगितलेला एक डॉलर.