साबणाने धुतलेला दाखला

लेस्कोवो, ६ सप्टेंबर २००१

चि. झ्लात्कास बाबांचे अ. आ.

बालवाडीच्या दाखल्याची खरी किंमत कळवतो : बसच्या दोन खेपा, परिचारिकेला एक कोंबडा आणि साबणाची अख्खी वडी. तुझ्या नेवेनाला जंत नाहीत, असं प्रयोगशाळेने शिक्का मारून दिलंय. तिथे पोराच्या बुडाला चिकटपट्टी लावून बघतात. आपली लाज नको जायला, म्हणून पोरीला पहाटेच घासूनपुसून आंघोळ घातली.

शेजारीण स्तोयांका म्हणाली होती, आई परदेशात, पोराला जंत व्हायचेच. अंगणात मिरच्या भाजत बसली होती. तिच्यासमोरून दाखला फडकवत आलो. हे घर मी एकेक वीट रचून उभं केलंय, इथे जंताला थारा नाही. चार वर्षांची पोर वरच्या खोलीत, नव्या पलंगावर एकटी झोपते. तुझी आठवण काढून रडत नाही. तेव्हा तिला इटलीला न्यायची घाई करू नकोस.

लोभ आहेच, त्याला पत्राचं खतपाणी घाल.
तुझे बाबा

बोलोन्या, १५ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

दाखल्याचं वाचून आधी हसले, मग धस्स झालं. मी ज्या आजींची शुश्रूषा करते, त्यांची सून बालवाडीत शिकवते. ती म्हणते, जंत रात्री बाहेर येऊन अंडी घालतात, म्हणून पट्टी आंघोळीच्या आधी लावायची. तुम्ही पुरावाच धुऊन टाकलात, बाबा.

पुन्हा तपासा. रात्री ती खाजवते का? पण ती एकटी झोपते म्हणता, मग तुम्हाला कळणार तरी कसं? तुमच्याच्यानं होत नसेल तर नाताळात मी तिला घेऊन जाईन. रागावू नका.

नेवेनाला पापे. लोभात अंतर नसावं.
आपली झ्लात्का

लेस्कोवो, २८ सप्टेंबर

चि. झ्लात्कास अ. आ.

न धुता पट्टी लावली. अंडी सापडली. नखं कापली, चादरी उकळल्या. स्तोयांकाने कुंपणावरून जंतांवर उतारा म्हणून भोपळ्याच्या बिया दिल्या आणि टोमणा मारला नाही. म्हणजे तिला माझी कीव आली असणार.

डॉक्टरीण म्हणाली, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची, दोन आठवड्यांनी पुन्हा एक. घरात माणसं किती, म्हणून विचारलं. मी दोन म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, एवढ्या मोठ्या घरात?

मलाही खाज होती. वयामुळे असेल असं वाटलं होतं. पोर रात्री खाजवते, ते मला कळतं. न्यायचं की नाही ते तू ठरव. मी घाई करू नकोस म्हणणार नाही.

आहे तेवढा लोभ असू दे.
तुझे बाबा

ता. क. वरच्या खोलीतल्या नव्या पलंगाच्या गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.