डोंगराअलीकडचा गंध

रविवार, २२ सप्टेंबर

तीर्थरूप आई,

सूनबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलाय आणि तुम्ही तो टाळणार नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून शब्द वाया घालवत नाही. इकडे सगळं ठीक. ऊन कडक आहे, मक्याला कणसं धरली आहेत, मी जेवते, झोपते, कामावर जाते. यांच्या तब्येतीबद्दल काही लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

तुम्ही लिहिलंय, झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडणं शोभत नाही. त्या कागदावर सही कर आणि विषय मिटव. आई, मी सही करणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे हे पत्र पुढे तुम्ही उगीच आशेने वाचायला नको.

आता का, ते ऐका. मक्याच्या खोडात शिरून ते आतून पोखरणारी एक अळी असते. तिचा पुढे पतंग होतो, राखाडी, नखाएवढा. मादी संध्याकाळी पानावर बसून गंध सोडते आणि नर त्या वासावर उडत येतो. यांनी तो गंध प्रयोगशाळेत तयार केला आणि रबराच्या बुचात भरला. बूच सापळ्यात टांगलं की नर फसतात. किती फसले त्यावरून कीड वाढलीय का ते कळतं, आणि फवारणी कधी करायची ते शेतकऱ्यांना सांगता येतं. डोंगरापलीकडे या बुचांनी कमाल केली. यांचा फोटो पेपरात आला, तुम्ही तो फ्रेम करून लावलात. खिळा मीच ठोकला होता, आणि कौतुकाने ठोकला होता.

मग यांची बदली इथे, डोंगराअलीकडे झाली, केंद्राचे प्रमुख म्हणून. मी अळ्या वाढवायच्या खोलीची प्रमुख. म्हणजे घरी 'अहो' आणि ऑफिसात 'साहेब'. कधी घरीही चुकून 'साहेब' निघायचं, आणि गंमत म्हणजे ते ओ द्यायचे!

इथे आल्यापासून सापळे रिकामे. यांनी जाहीर करून टाकलं की या भागात कीड नाही. दार कोणी वाजवलं नाही म्हणून गाव ओस पडलं, असं कधी म्हणतात का? शेतात जाऊन खोड चिरलं की आत अळी वळवळताना दिसत होती. मी यांना दाखवलं. म्हणाले, "एखादी असणारच. बुचं तर आपण दर वेळी तपासून पाठवतो." तपासतो हे खरं. पण कुठे, तर माझ्याच खोलीत, माझ्याच पतंगांवर. आणि ते पतंग कुठले? डोंगरापलीकडचे. बदली झाली तेव्हा अंड्यांचे डबे मीच मांडीवर घेऊन आले होते. आम्ही सासरी आलेल्या पोरीची परीक्षा माहेरच्या माणसांकडून घेत होतो, आणि ती दर वेळी पहिली येत होती. इतकी वर्षं या धंद्यात काढून ही चूक दोघांच्याही ध्यानात आली नाही.

म्हणून मी इथल्या शेतातल्या अळ्या आणून वाढवल्या, त्यांच्या माद्यांचा गंध काढला. दोन्हीकडे तेच दोन वास, आई. फक्त माप उलटं. तिकडची मादी पहिला वास वाटीभर सोडते आणि दुसरा चिमूटभर. इकडची दुसरा वाटीभर आणि पहिला चिमूटभर. चहात साखरेच्या मापाने मीठ आणि मिठाच्या मापाने साखर घातली, तर तुम्ही घोट तरी घ्याल का? इथले नर तिकडच्या गंधाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पतंग तोच, पण डोंगर मधे आहे.

एवढं झाल्यावरही यांनी ऐकलं असतं असं मला वाटायचं. तेच सांगायला जीव जड होतोय.

इथल्या माद्यांच्या गंधाची एक बाटली माझ्या ॲप्रनवर सांडली होती. धुऊन तो मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातला. आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल की तो वास असा धुऊन जात नाही, पण घाई होती. दिवेलागणीला आम्ही दोघं पायरीवर चहा घेत बसलो होतो. बघता बघता ॲप्रन पतंगांनी भरला. पांढरं कापड राखाडी झालं. दोन हातांवर यांचा सापळा टांगलेला, बूच कालच बदललेलं, आणि त्यात चिटपाखरू नाही.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "अहो, बघा तरी! माझ्यावर किती जण फिदा आहेत." ते हसले नाहीत. उठले, ॲप्रन झटकला, नीट घडी घालून आत नेला. म्हणाले, "लोक बघतील."

आई, त्यांनी पाहिलं होतं. हे कुणी मला सांगितलेलं नाही, मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यानंतर आठच दिवसांनी शेतकऱ्यांच्या सभेत उभं राहून ते म्हणाले की सापळे रिकामे आहेत, निर्धास्त राहा, फवारणीची गरज नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. उठले आणि म्हटलं, "साहेब, सापळे रिकामे आहेत कारण बुचं इथल्या पतंगांची नाहीत. खोडं चिरून बघा." बस्स, एवढंच. एका बाईने पिशवीतून खोड काढून टेबलावर ठेवलं, आणि मग कुणीच निर्धास्त राहिलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर यांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. 'माझी निरीक्षणे सदोष होती. मी माझे विधान मागे घेते.' म्हणाले, सही कर, नाहीतर चौकशी बसेल, आणि या घरात आपलं जमणार नाही. म्हटलं, मग नाही जमणार. तेव्हापासून मी अळ्यांच्या खोलीशेजारच्या खोलीत राहते. एक खाट, एक शेगडी, आणि भिंतीपलीकडे पानं कुरतडल्याचा आवाज. सगळं ठीक आहे म्हटलं ते खोटं नाही. पण घर सुटलंय.

आणि आता तुमच्या पत्राविषयी. अक्षर तुमचं आहे. झाकली मूठही तुमचीच. पण 'वस्तुस्थितीचा विपर्यास' हे शब्द तुम्ही जन्मात कधी काढले नाहीत. बाजारात भाजीवाल्याशी भांडतानासुद्धा नाही! ते रजा टाकून कुठे गेलेत हे इथे कुणी मला सांगितलं नाही, पण तुमचं पत्र वाचताना मला ते तुमच्या खुर्चीमागे उभे दिसले. तेव्हा हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा. चष्मा सापडत नसेल तर त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

अहो, ऐकताय ना? तुमचं बूच डोंगरापलीकडे आजही खरं आहे. ते मी खोटं पाडलेलं नाही, पाडणारही नाही. पण पुढच्या हंगामासाठी या सबंध भागाला तीच बुचं जाणार आहेत. लोक रिकाम्या सापळ्याकडे बघून घरी बसतील आणि पीक आतून पोकळ होईल. माझ्या सहीने हे होणार असेल तर नोकरी जाऊ दे, घर गेलंच आहे. मला तुमचा राग येतो, भयंकर राग येतो, आणि संध्याकाळी चहा करताना हात अजूनही दोन कप काढतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या दुसऱ्या कपासाठी मी खोटं बोलणार नाही.

आई, चौकशी गुरुवारी आहे. टेबलाच्या एका बाजूला ते असतील, दुसऱ्या बाजूला मी. तुम्ही मला पसंत केलंत तेव्हा म्हणाला होतात, "पोरगी तोंडावर बोलते, मला असलीच हवी." तीच पोरगी जाणार आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमचा तो मुलगा आहे, मी तुम्हाला दोष देणार नाही. पण मला बोलावू नका, समजावू नका, आणि माझ्या वतीने कुणाची माफी मागू नका.

गुडघ्याला शेक घ्या. गोळ्या जेवणानंतरच घ्या.

यांच्या कागदावर केली नाही ती सही इथे करते. आणि तिच्यातले दोन्ही शब्द मी माझ्या हाताने कधी खोडणार नाही. खोडायचे असतील तर तुम्ही खोडा.

तुमची सून