दोरीवर वाळणारा कचरा

मंगळवार, तारीख १४

लाडक्या लेकीस, आईचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी लेक भिंगरी शाळेत गेलीय, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुझा आवाज आला की माझं सांगायचं राहूनच जातं. अक्षर लावून लावून वाच.

तर झालं काय, आपल्या कचऱ्याला कुणीतरी हात लावत होतं! डबा उचलावा तर हलका. दुधाच्या पिशव्या गायब, बिस्किटांचे कागद गायब. माझ्या मनात पाल चुकचुकली. खालच्या शिंप्याला जिन्यातच गाठलं. "काय हो, माझ्या डब्यात काय सापडतं तुम्हाला?" तर म्हणतो, "आजी, माझ्याच चिंध्यांत मी गळ्यापर्यंत बुडालोय!" आणि हसला. हसला म्हणजे काहीतरी असणारच.

मग, रागावू नकोस, तुझाच संशय आला. मागच्या खेपेला जाताना त्याच्याशी दारात किती कुजबुजत होतीस! म्हटलं, हिनंच त्याला पाळतीवर ठेवलंय, म्हातारी काय टाकते ते बघायला.

आणि एक दिवस कपडे काढायला गेले तर माझ्या साडीच्या आड, चिमटे लावून, धुतलेल्या पिशव्या वाळत! चोर घरातलाच. कमरेवर हात ठेवून भिंगरी म्हणते, "बाईंनी सांगितलंय, आठवडाभर घरातलं प्लास्टिक टाकायचं नाही, धुऊन शाळेत मांडायचं. ते गटारातून नदीत जातं, नदीतून समुद्रात. मासे खातात, आजी."

म्हटलं, "माशांना एवढं कळत नाही?"

"तुला कळतं ना? मग तू टाकू नकोस."

घ्या! जीभ अगदी तुझी.

शाळेत बघायला गेले. प्रत्येक पोरापुढे आपापल्या घराचा ढीग. काय एकेक डोंगर! आपला सगळ्यात लहान. पोरीपेक्षा मीच जास्त मिरवले. शिंप्याने उरल्यासुरल्या तुकड्यांची पिशवी शिवून दिलीय, आता दुकानात तीच नेते. माणूस वाईट नाही तसा.

आता फोनवर सांगायचं राहून जातं ते सांगते. घरी आल्यावर पोरीने दप्तरातून रुमालाची पुरचुंडी काढली. "हे मी मांडलं नाही. हा कचरा नाही ना?" उघडली तर मी डब्यात टाकलेल्या माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. पाकिटं भरलेलीच. म्हणाली, "माशांनी खाल्ल्या तर त्यांना काय होईल? आणि तू नाही खाल्ल्यास तर तुला?"

बाई गं, त्या गोळीनं दुपारी मेल्यासारखी झोप लागते. एकदा पोर शाळेतून येऊन दार बडवत राहिली, मी उठलेच नाही. शेवटी शिंप्याकडे चिंध्यांवर झोपली. तुझ्या कानावर गेलं तर तू तिला घेऊन जाशील, म्हणून गोळीच सोडली. आणि शिंपी तुला सांगेल म्हणून त्याच्यावर डोळा ठेवला.

आता रोज घेते. गिळली की भिंगरी मला तोंड उघडायला लावते, जीभ उचलून बघते. संशयी मात्र माझ्यावर गेलीय! दुपारी मी शिंप्याच्या दुकानात बटणं लावत बसते. डुलकी लागली की तो कात्री आपटतो.

डॉक्टरांना विचार, दुसरी गोळी असते का. ओरडायचं ते मला ओरड. पण तिला नेऊ नकोस गं.

काय ठरवतेस ते कळव. पाकीट टाकू नकोस, उलटं करून त्यातूनच उत्तर पाठव, नाहीतर भिंगरी मला धारेवर धरेल.

दाराकडे कान लावून जागी बसलेली,
तुझी आई