आईसाठी नितळ बर्फ

मद्रास, गुरुवार, वैशाख वद्य पंचमी

आईचा घसा सुजून आज तिसरा दिवस. पाण्याचा घोटही उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, बर्फाचे खडे चघळू द्या. कारखान्यातला बर्फ तिच्या सोवळ्याला चालत नाही. म्हणून परवा वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या फ्रिजमध्ये मी स्वतः केला, तर त्याच्या पोटात पांढरा डाग. "आत काय घातलंयस?" आईने विचारलं. हवा आहे, म्हटलं. "कुणाच्या घरची?" म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं. न्यायशास्त्रातला तर्क शिकलो मी, वापरते ती.

काल संध्याकाळी पाणी दोनदा उकळलं, डब्याला टॉवेल गुंडाळून रात्रभर सावकाश गोठू दिलं. डाग तळाशी उरला, तेवढा आज सुरीने काढून टाकला. बाकीचा अगदी स्फटिक. तेव्हा बायको हळूच म्हणते, "अहो, उकळलेलं पाणी म्हणजे शिजवलेलं. कचेरीतून आलात ते तसेच, बिनअंघोळीचे, चुलीपाशी गेलात ना?" इतक्या पोथ्या वाचून हे मला सुचू नये?

पुन्हा करायला वेळ कुठे होता? वाटी पुढे धरली. आईने खडा उजेडात फिरवून पाहिला. डाग नव्हता.

"अंघोळ करून केलास?"

"हो."

तिने निमूट तोंड उघडलं.

तीन खडे पोटात गेले. बरं वाटायला हवं. पण पन्नास वर्षांत माझ्या एका 'हो'वर ती कधी थांबलेली नाही. खोटं बोललो, त्याचं पाहून घेईन. तिने दुसरा प्रश्न का विचारला नाही?